घोरपडआजीची मुळी

फार जुन्या काळी, रानात कोंबडासुद्धा आरवत नव्हता तेव्हा, एका उंबरावर झुबकी नावाची खार राहायची. दिवसभर फळं खायची आणि दिवस मावळला की शेपटी पांघरून झोपायची. त्याच झाडावरच्या लटकू वटवाघळाचं जेवण मात्र रात्री असायचं.

एकदा त्याच्या मचमचीनं झुबकीला जाग आली. "अगंबाई! म्हणजे अर्धं जेवण मी रोज झोपेत घालवते?" त्या दिवसापासून ती रात्रीही पंगतीला बसू लागली. मग लटकूनं तरी मागं का राहावं? तोही दिवसा जेवायला येऊ लागला.

महिन्याभरात झुबकीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, शेपटीचे केस झडले, उडी मारताना फांदी चुकू लागली. ती रडत रानाच्या वैद्यीणबाईंकडे, घोरपडआजीकडे गेली. आजीनं एक मुळी दिली. "उंबराच्या शेंड्याला ऊन लागलं की चाटायची. पण रात्रभर पोट रिकामं हवं आणि झोप पुरी हवी. नाहीतर मुळी बाधेल हो!"

पंधरा दिवसांत शेपटी पुन्हा झुबकेदार झाली. एका तिन्हीसांजेला ती झोपायला निघाली, तर शेजारी लटकू नुकताच उठून तसलीच मुळी चाटत होता. "माझंही पोट फुगलं होतं, म्हणून आजीनं दिली," तो म्हणाला. "दिवस मावळल्यावरच चाटायची आणि दिवसा कडक उपास!"

सकाळी झुबकी तडक आजीकडे गेली. "आजी, आजार एक, मुळी एक, मग वेळ उलटी कशी?"

"मुळी कसली गं? उंबराखालची काडी आहे ती," खडकावर चढत आजी म्हणाली. "आता सरक बघू. माझी उन्हाची वेळ टळतेय."