सगुणाबाईंचा कोरा अर्ज

"मागायचं म्हणजे मागायचं तरी काय, अप्पा?"

सगुणाबाईंनी कोरा कागद सिद्रामअप्पांच्या पुढ्यात आपटला.

अप्पा वाती वळत होते. मान वर केली नाही.

"जे लागतंय ते."

"मला काही लागत न्हाई."

"मग अजून बसा बाहेर."

"आज तिसरी खेप हाय माझी!"

"बाकडं मजबूत आहे..."

सगुणाबाईंनी कागद उचलला आणि तरातरा बाहेर गेल्या.

नदीकाठच्या त्या मठाचा एक मदत निधी होता. कुणाला औषधपाणी, कुणाच्या पोरीची फी, कुणाला गेलेल्या पायाच्या जागी दुसरा पाय. कुणाला द्यायचं ते सहा विश्वस्त ठरवायचे. सहाच्या सहा बिनपगारी. मठाचा चहासुद्धा त्यांना वर्ज्य, ज्यानं त्यानं आपापल्या घरून पिऊन यायचं. अर्ज आला की अर्जदाराच्या दारात जाऊन यायचं, तेही स्वतःच्या चपला झिजवून.

सहातली एक जागा रिकामी झाली होती. विश्वस्तांतल्या सगळ्यात जुन्या अप्पांनीच सगुणाबाईंचं नाव काढलं होतं.

पण मठाची एक रीत होती. नव्या विश्वस्तानं आधी बाहेरच्या बाकड्यावर अर्जदारांच्या ओळीत बसायचं आणि स्वतःचा अर्ज लिहायचा. खऱ्या गरजेचा. तो घेऊन आत यायचं, मगच आतल्या घोंगडीवर जागा.

सगळ्यांनी लिहिले होते. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, 'बैठकीच्या दिवशी माझ्या आंधळ्या आईजवळ कुणीतरी बसावं.' पहिले चार महिने अप्पा स्वतः जाऊन बसले. बैठकीचं टिपण लिहिणारे देवकते पोस्टमास्तर. बायको गेल्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'मला भाकरी थापायला शिकवा.' ते शिकले. भाकरी अजून वाकडीच होते, पण फुगते.

सगुणाबाईंचा कागद मात्र तीन महिने कोरा.

चौथी शिकलेली बाई. नवरा लवकर गेला. वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहिल्या आणि आज दोन भट्ट्यांची मालकीण. जीभ अशी की गिऱ्हाईक भाव करायच्या आधी दोनदा विचार करायचं. "मी कुणापुढं हात पसरला न्हाई," हे वाक्य त्यांच्या भट्टीवरच्या गाढवांनासुद्धा पाठ झालं होतं.

आणि विश्वस्त व्हायचं त्यांच्या फार मनात होतं. उगाच का खोटं बोलायचं? गावात अजून त्यांना भट्टीवालीच म्हणायचे. त्या घोंगडीवर बसलं की म्हणणार नव्हते.

आजचा दिवस शेवटचा होता. देवकत्यांनी सकाळीच सांगितलं होतं, "सगुणाबाई, आज जागा भरायचीच. तुमचा अर्ज नाही आला, तर ठेकेदार साहेबांचं नाव आहे. त्यांचा अर्ज तयार आहे. टाईप करून, तीन प्रतींत."

"काय मागितलंय त्यानं?"

"सेवेची संधी."

"मेला!" सगुणाबाई म्हणाल्या.

बाकड्यावर एकच बाई होती. हुसेनबी. म्हातारी, काटकुळी, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. सगुणाबाई धपकन बसल्या तशी ती अंग चोरून सरकली.

"तू काय मागायला आलीस गं?"

"मागायला न्हाई, ताई. सांगायला."

"काय सांगायला?"

"माझी नात हाय. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पोरं खडे मारायची मागनं, तिला कळायचं न्हाई. गेल्या साली हितनं कानाचं मशीन दिलं."

"मग?"

"आता हाक मारली की वळून बघती."

एवढंच बोलून हुसेनबीनं गाठोडं सोडून दाखवलं. पेरू. अंगणातल्या झाडाचे.

"कवापासून बसलीस?"

"सकाळपासनं."

"एवढ्यासाठी? आत जायचं, दोन शब्द बोलायचे, पेरू ठेवायचे आणि सुटायचं. तुला कोण अडवतंय?"

हुसेनबीला नवल वाटलं.

"मागायला आले तवा दिवसभर बसले हुते की, ताई. मग सांगायला बसले तर काय झालं?"

सगुणाबाईंनी कागद पंख्यासारखा हलवला आणि नदीकडं तोंड केलं.

ऊन सरकत होतं.

"उठा ताई."

"का?"

"तुमच्या अंगावर ऊन आलं."

हुसेनबीनं बाकड्याचं एक टोक धरलंसुद्धा. सगुणाबाईंना दुसरं धरावं लागलं. दोघींनी बाकडं चिंचेच्या सावलीत ओढलं आणि पुन्हा बसल्या.

तासाभरानं पुन्हा ऊन आलं. पुन्हा ती उठली.

"ऱ्हाऊ दे गं. भट्टीच्या आगीत वाढलीया मी. एवढ्या उन्हानं काय हुतंय?"

"तुम्हाला काय न्हाई हुणार. पर सावली हाय तर घ्यायची."

बाकडं पुन्हा सरकलं. हुसेनबी बसली. सगुणाबाई बसल्या नाहीत. बाकड्याच्या लाकडावर त्यांचा हात तसाच राहिला...

जुन्या भट्टीवर झाड एकच होतं. बाभळ. तिची सावली ती केवढी? टोपलीभर.

त्या टोपलीभर सावलीत सगुणाबाईंची सहा महिन्यांची पोरगी टोपलीतच निजायची. आई विटांच्या खेपा करायची. ऊन सरकायचं, पण टोपलीवर कधी यायचं नाही.

कारण गयामावशी होती.

बरोबरची कामकरीण. दर थोड्या वेळानं डोक्यावरच्या विटा उतरवून जायची, टोपली सावलीत ओढायची, परत विटा उचलायची. तेवढ्या खेपा तिच्या कमी भरायच्या. मुकादम शिव्या द्यायचा. "रांडे, तुझं पोर हाय का ते?" म्हणायचा. गयामावशी हसायची.

सगुणाबाईंनी तिला कधी म्हटलं नव्हतं, मावशे, माझ्या पोरीकडं बघ.

हात पसरला नव्हता, हे खरंच होतं. पसरायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती.

पुढं गयामावशीची नजर गेली. भाचीकडं राहायला गेली, पलीकडच्या तालुक्याला. सगुणाबाईंनी स्वतःची भट्टी घेतली. गडबडीचे दिवस होते. टोपलीतली पोरगी शिकली, आज तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. लग्नात पाचशे पानं उठली.

गयामावशीला पत्रिका गेली नव्हती.

"ताई... डोळ्यात धूर गेला का काय?"

"हितं कुठला आलाय धूर!" सगुणाबाई खेकसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

आतून देवकत्यांची हाक आली, "चला, कोण आहे?"

"आधी ही," सगुणाबाई म्हणाल्या. "ही सकाळपासनं हाय."

दोघी आत गेल्या. हुसेनबीनं नातीचं सांगितलं. दोन वाक्यं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसल्या. हुसेनबीनं पेरू पुढं केले, तसे सगळे मागं सरकले.

"आम्हाला चालत नाही हो, आजी," देवकते म्हणाले. "नियम आहे."

हुसेनबीचा चेहरा पडला.

"ठेव माय," अप्पा म्हणाले. "ज्याचे असतील त्याला पोचतील."

तिनं पेरू अप्पांजवळ ठेवले, भिंतीला टेकून बसली आणि गुडघे चोळायला लागली.

मग सगुणाबाई पुढं झाल्या. हातातला कागद अजून कोराच. घडी मात्र पार चुरगळलेली.

देवकत्यांनी लेखणी उचलली. "बोला. काय मागताय?"

भट्टीवर आवाज चढवला की नदीपलीकडं ऐकू जायचा त्यांचा. आता अप्पांना पुढं वाकून ऐकावं लागलं.

"मला... मागायची सवय न्हाई. चुकलंमाकलं सांभाळून घ्या."

त्यांनी कागदाची घडी उलगडली.

"एक दिवसाची रजा द्या."

देवकत्यांना हसू आवरलं नाही. "अहो बाई, रजा विश्वस्ताला मिळते. तुम्ही अजून कुठं विश्वस्त झालात? आणि आज गेलात तर जागा जाईल. तिकडं तीन प्रती..."

"जाऊ द्या. त्याला द्या." सगुणाबाईंनी मान खाली घातली. "माझी एक म्हातारी हाय. हाय का न्हाई, ते बी ठावं न्हाई. वीस वर्सं झाली. तिनं माझी पोरगी उन्हात पडू दिली न्हाई आणि मी तिला... मी तिच्या दारात एकदा बी गेले न्हाई. आज जाते. उद्या उशीर झाला तर?"

कागद त्यांनी अप्पांपुढं ठेवला. या वेळी आपटला नाही. दोन्ही हातांनी ठेवला.

अप्पांनी वाती बाजूला सारल्या. कागद उचलला. उलटा केला, सुलटा केला. मग देवकत्यांच्या हातातली लेखणी घेतली आणि त्या कोऱ्या कागदाच्या तळाशी सही केली.

"मंजूर," म्हणाले. "लिहा, देवकते. रजा मंजूर."

देवकत्यांची लेखणी अप्पांकडंच होती. ते नुसतेच बघत राहिले.

"अहो अप्पा, म्हणजे या..."

अप्पांनी लेखणी त्यांच्या हातात दिली. घोंगडीवरच्या रिकाम्या जागेवरची सुरकुती तळव्यानं सारखी केली. पेरूचं फडकं ओढून सगुणाबाईंपुढं उघडलं.

सगुणाबाईंनी हुसेनबीकडं पाहिलं. हुसेनबी मान हलवून हसली. मग सगुणाबाईंनी दोन्ही हात पुढं केले आणि पहिला हाताला लागला तो पेरू उचलला. हिरवा, टणक.

"तो नको," अप्पा म्हणाले. "पिकलेला बघून घ्या. म्हातारीला आता दात नसतील."