माझा आवाज येतोय ना?

एकदा एका गायनशिक्षिकेने आपल्या म्हाताऱ्या गुरूंना असा प्रश्न विचारला, जो उभ्या हयातीत त्यांना कोणत्याही शिष्याने विचारला नव्हता. ती म्हणाली, "बुवा, माझा धंदा वाढत का नाही?"

गुरू पेटीवादक होते. गावात सगळे त्यांना नुसते बुवा म्हणत. वय ऐंशीच्या पुढे गेलेले, कान मात्र अजून तरुण. शिष्येचे नाव हेमांगी. ती नऊ वर्षे बुवांकडे शिकली, पुढे तिने चौदा वर्षे एका शाळेत संगीत शिकवले आणि दोन वर्षांपूर्वी ती कायमची नोकरी सोडून तिने एक वेगळाच वर्ग काढला. तो मुलांचा नव्हता. संगीत शिकवणाऱ्या शिक्षकांना अधिक चांगले शिकवता यावे म्हणून तो होता, आणि भरायचा तो ऑनलाइन, संगणकाच्या पडद्यावर.

कल्पना उत्तम होती, यात शंका नाही. गणिताच्या शिक्षकाला काही अडले तर शेजारच्या वर्गात दुसरा गणिताचा शिक्षक सापडतो. संगीताचा शिक्षक शाळेत एकटाच असतो. त्याने विचारावे कुणाला? अशा एकट्या पडलेल्यांना घरबसल्या प्रशिक्षण द्यावे, हा हेमांगीचा संकल्प. शिक्षक येतही असत. तिचे गाणे ऐकून "वा ताई, वा!" असे लिहीत, आणि तिसऱ्या आठवड्यापासून दिसेनासे होत.

तिने उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. नवा कॅमेरा आणला. पाठीमागे तंबोऱ्याचे चित्र असलेला पडदा लावला. जाहिराती केल्या, साठ पाठ चित्रित करून ठेवले. आवाज पलीकडे उशिरा पोहोचतो, म्हणून वेगवान इंटरनेट घेतले. तरी तो उशिराच पोहोचे. शिक्षक नव्याने येत, नव्याने वाहवा करत आणि नव्याने गळत.

"आता एकच आशा आहे," ती बुवांना म्हणाली. "एका शिक्षणसंस्थेच्या छत्तीस शाळा आहेत. त्यांचे चिटणीस येत्या गुरुवारी माझ्या वर्गाला बसणारेत. त्यांना पटलं तर छत्तीसही शाळांचे संगीतशिक्षक माझ्याकडे येतील. नाही पटलं तर मी वर्ग बंद करणार, बुवा. माझ्यात उमेद नाही उरली."

बुवा म्हणाले, "तोवर रोज येऊन बसतो तुझ्याकडे. चहात आलं मात्र घाल. मागच्या खेपेला विसरली होतीस."

वर्ग दुपारी चारला भरे. बुवा पावणेचारला येत आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत. हातात जुन्या कॅलेंडरचे पान आणि पेन्सिलीचा तुकडा. तोंडातून अवाक्षर नाही. मधूनच पानाच्या पाठीवर एक रेघ ओढत, बस्स. हेमांगीला वाटले, बुवा आपल्या चुका मोजताहेत. ती अधिक जपून गाऊ लागली, बोलणे अधिक घोटून बसवू लागली. पण रेघा काही थांबेनात.

गुरुवार उजाडला. पडद्यावर चाळीसेक चौकोन, त्यांतल्या एकात चिटणीस, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता बसलेले. विषय होता, मुलांच्या गळ्यात गंधार कसा बसवावा. 'सा रे ग' मधला हा तिसरा स्वर मुलांच्या तोंडून हमखास घसरतो. हेमांगीने नमस्कार केला, "माझा आवाज येतोय ना?" असे विचारले आणि गायला सुरुवात केली. काय सुंदर लावला तिने तो गंधार! मग म्हणाली, "आता माझ्या मागून म्हणा." चाळीस तोंडे हलली. माइक अर्थातच सगळ्यांचे बंद होते. नाहीतर एकच गलका होतो, म्हणून तिने तशी शिस्तच घातली होती.

वीस मिनिटे झाली असतील. बुवा उठले, टेबलापाशी आले आणि एका बोटाने त्यांनी हेमांगीचा माइक बंद केला.

तिला ते कळलेसुद्धा नाही. डोळे मिटून ती गात राहिली. पडद्यावर भराभर निरोप उमटू लागले, "ताई, आवाज गेला," "ताई, ऐकू येत नाही." तिने डोळे उघडले, बुवांचे बोट पाहिले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने हात पुढे केला तर बुवांनी मनगट धरले.

"बुवा, चिटणीस बघताहेत!"

"बघू दे की. त्या खालच्या चौकोनात एक मास्तर शाळेतच बसलाय, मागं पोरं आहेत त्याच्या. कोण तो?"

"कोळेकर सर. दुष्काळी भागातली शाळा आहे. पण बुवा, मी गायले नाही तर मला विचारणार कोण?"

"त्याचा माइक सुरू कर. आणि लिही, सर, तुम्ही पोरांना शिकवा, आम्ही ऐकतो."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आले. दोन वर्षांची मेहनत एका म्हाताऱ्याच्या लहरीपायी बुडणार, हे तिला स्वच्छ दिसत होते. पण नऊ वर्षे ज्यांच्यासमोर मांडी घालून बसली, त्यांचा शब्द मोडायची सवय हातांना नव्हती. तिने लिहिले.

कोळेकर सर गडबडले. घसा खाकरून म्हणाले, "नमस्कार. माझा आवाज येतोय न्हवं?" शेजारी उभे असलेले बुवा गालात हसले. मग सरांनी पेटी ओढली, भाता मारला आणि खड्या आवाजात 'सा रे ग' सुरू केले. मागे बावीस मुले. ऐकायला सगळे झकास वाटत होते. चिटणिसांची मानही जरा हलली.

"आता लिही," बुवा म्हणाले. "भात्यावरचा हात काढा, आणि स्वतः गप्प राहा. पोरांनाच म्हणू द्या."

सरांनी निरोप वाचला, बुचकळ्यात पडले आणि हात काढला. पेटीचा श्वास हळूहळू संपला. आता ऐकू येत होती ती फक्त मुले. गंधाराचा पत्ताच नव्हता. निम्मी मुले अलीकडच्या रिषभावरच मुक्काम ठोकून होती, काही थेट पुढच्या मध्यमावर चढली होती, मागची रांग तर नुसती बोलत होती. त्या सगळ्या कालव्यात एकच बारीक आवाज गंधारावर अचूक उभा होता. शेवटच्या बाकावरची, दोन वेण्यांची एक मुलगी.

कोळेकर सर तोंडावर हात ठेवून ऐकत राहिले. मग चाळीस माणसांसमोर, माइक सुरू असल्याचे भान न राहून म्हणाले, "आयला! बारा वर्सं शिकवतुय. आमची पोरं अशी गात्यात व्हय? आन् ही नाजनीन! त्वांडच उघडत न्हाई म्हणून मीच हिला मागं बसवलीया."

पुढचे कुणी सांगितले नाही. सरांनी नाजनीनला पुढे बोलावले, "तेवढा गंधार म्हण बाळ," म्हणाले, आणि बाकीच्यांना नुसते ऐकायला लावले. मग मुलांनी लावून पाहिला. चुकला. पुन्हा ऐकला, पुन्हा लावला. पाचव्या खेपेला बावीस गळ्यांतून गंधार निघाला, जरा खरखरीत, पण त्यांचा स्वतःचा. पेटी बाजूला मुकी पडली होती. सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

आणि मग निरोपांचा पाऊस सुरू झाला. "उद्या माझा वर्ग ऐकाल का?" "ताई, मला फार भीती वाटते, पण माझीही मुलं ऐका." "कोळेकर सर, ते ऐकण्याचं परत एकदा सांगा ना." 'वा ताई' मात्र एकानेही लिहिले नव्हते. शेवटी चिटणिसांनी हात वर केला. हेमांगीने त्यांचा माइक सुरू केला.

"मॅडम, आपण फार छान गाता," ते म्हणाले. "पण छान गाणं ऐकायला मी छत्तीस शिक्षकांचा वेळ दिला नसता, खरं सांगतो. आत्ता जे झालं, ते दर आठवड्याला होणार असेल तर सगळे शिक्षक जूनपासून तुमचे."

वर्ग संपला, हेमांगीने संगणक बंद केला. बुवांनी कॅलेंडरचे पान तिच्यापुढे ठेवले.

"त्र्याहत्तर रेघा आहेत."

"इतक्या चुका, बुवा?"

"चूक एकच. 'माझा आवाज येतोय ना?' हे तू इतक्या दिवसांत त्र्याहत्तर वेळा विचारलंस. 'तुमचा आवाज येतोय का?' हे एकदाही नाही. तो मास्तर पेटीनं पोरांना झाकत होता आणि तू गळ्यानं मास्तरांना झाकत होतीस. ज्याला कुणी ऐकत नाही, तो टाळ्या वाजवतो आणि उठून जातो. आवाज पलीकडे उशिरा पोहोचतो म्हणून तू यंत्राला दोष देत बसलीस. अगं, त्यामुळे दोघांना एकदम गाता येत नाही, एकाला थांबावंच लागतं. गुरूला थांबायला लावणारं असं यंत्र मला तरुणपणी मिळायला हवं होतं."

बुवा खाली बघत म्हणाले, "ही खोड तू माझ्याकडूनच उचललीस. नऊ वर्षं मी तुझ्याबरोबर पेटी धरली, कधी सोडलीच नाही. मग तू पहिल्यांदा स्टेजवर एकटी गायलीस आणि दुसऱ्या ओळीला डळमळलीस. मी समोर बसलो होतो. तुझा नुसता आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, हेमांगी. फार लाज वाटली मला स्वतःची. सांगायचं राहून गेलं होतं."

हेमांगीने उठून त्यांच्या पायांवर डोके ठेवले. मग डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि चहात आले किसून घातले.

जूनमध्ये छत्तीस शिक्षक आले, आणि या वेळी तिसऱ्या आठवड्यात कुणी गळले नाही, उलट वाढले. वर्गाची रीत आता साधी होती. एकाने आपला वर्ग पेटीविना ऐकवायचा, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग बोलायचे. जो ऐकवी तो दुसऱ्या दिवशी आपल्या ओळखीच्या दोन शिक्षकांना ओढून आणी. जाहिरात हेमांगीने बंद केली, कारण येणाऱ्यांना सामावून घेणेच अवघड झाले. दिवाळीनंतर दुसरी तुकडी काढावी लागली, ती कोळेकर सर चालवू लागले. वर्ष पुरे झाले तेव्हा अकरा जिल्ह्यांतले चारशे शिक्षक तिच्या वर्गात होते, आणि साठ चित्रित पाठांची आठवण खुद्द तिलाही उरली नव्हती.

वर्षपूर्तीच्या दिवशी चारशेही जण एकदम पडद्यावर जमले. चिटणीस होते. कोपऱ्यातल्या खुर्चीत बुवा होते, हातात कॅलेंडरचे कोरे पान आणि पेन्सिल सज्ज, डोळ्यांत मिश्कील भाव. कोळेकर सरांच्या चौकोनात बावीस मुले उभी होती. पेटी नव्हती. नाजनीन पहिल्या रांगेत होती.

हेमांगीने माइक सुरू केला, हात जोडले. सवयीने ओठांवर आलेले वाक्य तिने अर्ध्यावर थोपवले. बुवांची पेन्सिल उचललेली तशीच थांबली.

"नमस्कार," ती म्हणाली. "तुमचा आवाज येतोय."

एवढे बोलून तिने स्वतःचा माइक बंद केला, आणि मुले गायला लागली.