परवानगीची वाट

एकदा एका खिंडीत भिंत उभी राहिली.

खिंड जुनी होती. समुद्रकाठच्या बंदरातून निघालेली पायवाट शेतांतून, ओढ्यांतून, गावामागून गाव घेत घाट चढून त्या खिंडीत येई आणि पलीकडे पठारावरच्या बाजारपेठेला जाऊन मिळे. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ लादून लोक याच वाटेने वर जात आणि येताना ज्वारी, गूळ घेऊन उतरत. पुढे गाडीरस्ता झाला. तो फार लांबून वळसा घेऊन गेला, तरी माल त्याच रस्त्याने जाऊ लागला. पायवाटेवर उरली ती साधी माणसे: माहेरी निघालेल्या लेकी, पाटी डोक्यावर घेतलेल्या बाया, मेंढरांमागे चालणारे धनगर, डोलीत घालून वैद्याकडे नेलेले आजारी. अशांची ये-जा कोणाच्या नजरेत भरत नाही.

एका धनिक व्यापाऱ्याने खिंडीच्या दोन्ही अंगांचा डोंगर विकत घेतला. तेथे वारा गार, दृश्य मनोहर. त्याने बंगला बांधला, बाग लावली आणि खिंडीत आडवी भिंत घातली. भिंतीच्या एका कडेला, जिथून गाडीरस्त्याला जोडलेल्या फाट्याने त्याची बग्गी आत-बाहेर करी, तिथे लोखंडी फाटक बसवले आणि रावजी नावाचा पहारेकरी ठेवला. घाटाखालचे लोक कचेरीत गेले. अंमलदाराने विचारणा केली तेव्हा व्यापारी म्हणाला, "साहेब, वाट कसली? शेळ्या चढतात तिथून. माणूस जात नाही." अंमलदाराने मान डोलावली. लोक परत आले.

बंदराच्या गावात एक वृद्ध गुरू मुलांना शिकवीत असत. सुकी मासळी न्यायला आलेल्या ठकूबाईने त्यांना ही हकिकत सांगितली. ठकूबाई घाटाच्या पायथ्याच्या गावची, माहेर तिचे खिंडीपलीकडे. तिचे बोलणे गुरूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "या वाटेने कोणी जात नाही, असं म्हणाला का तो? मग आपण जाऊ."

श्रीपाद नावाचा त्यांचा तरुण शिष्य जवळच उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी, आपण त्या घाटात कधी गेला आहात?"

"नाही."

"मग त्या वाटेशी आपला काय संबंध?"

"ती आपल्या दारावरून सुरू होते, एवढा संबंध पुरे आहे."

"पण मग गाडीने खिंडीपर्यंत जाऊ. तिथे त्या शेठजींशी काय ते बोलू."

"बोलणारे तिथे बोलून आले, श्रीपाद. तो म्हणतो वाट नाही. वाट आहे की नाही हे बोलून कसं ठरणार? आपण भांडायला जायचं नाही. आपण बाजाराला जायचं, इथून तिथवर, पायी."

आणि ते निघाले. गुरू, श्रीपाद आणि मासळीची पाटी घेतलेली ठकूबाई.

गाव लागले की गुरू पारावर टेकत, पाणी मागत आणि म्हणत, "आम्ही या वाटेने बाजाराला चाललो आहोत. तुमच्यापैकी कोणी कधी गेलं होतं का?" एवढेच. भिंतीचा विषयही ते काढत नसत. पण या एका प्रश्नाने माणसे बोलू लागत. एका गावी दात पडलेली एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "गेलं होतं का म्हणजे? माझं वऱ्हाड याच वाटेनं उतरलं. नवरदेवाला खिंडीत ठेच लागली, तर सासरे म्हणाले, आता हा जन्मभर जपून पाऊल टाकील!" दुसऱ्या गावात एका शेतकऱ्याने झुडपे बाजूला करून दगडी डोण दाखवली. मिठाच्या बैलांना पाणी पाजण्यासाठी त्याच्या पणजोबांनी ती घडवून घेतली होती. भिंतीची गोष्ट मग ठकूबाई सांगे. ती ऐकून लोक चिडत, आणि सकाळी निघताना कोणी ना कोणी बरोबर येई. एक कासार आला, बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून. एक कुंभार बायकोसह आला. दोन सासुरवाशिणी आल्या, त्यांचे माहेर वर होते. एक धनगर आला, त्याच्यामागे त्याची मेंढरे आली. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत मागे वळून पाहिले तर रांगेचे टोक दिसत नव्हते.

गुरूंचे पाय मात्र थकले होते. टाचा फुटल्या होत्या, उजवा घोटा सुजून गाडग्यासारखा झाला होता. श्रीपाद रोज करंजाचे तेल चोळी, धोतराच्या पट्ट्या गुंडाळी, आणि त्याचा जीव तुटे. समोरचा उभा घाट पाहून त्याच्या मनात आले, हे म्हातारे पाय एवढे चढून वर जाणार, आणि वर काय? बंद फाटक. तिथून त्यांना परत फिरावे लागले तर?

दुपारी सारे सावलीत विसावले असताना तो कोणाला न सांगता एकटाच घाट चढून गेला आणि व्यापाऱ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

व्यापारी वाईट माणूस नव्हता. निदान वागायला तरी नव्हता. त्याने श्रीपादला बसवले, गूळपाणी दिले आणि सगळे ऐकून म्हणाला, "अरे, एवढंच ना? गुरुजींसाठी फाटक उघडतो. त्यांच्याबरोबर जे असतील त्या सगळ्यांसाठी उघडतो. मी काय राक्षस आहे?"

श्रीपादचे डोळे भरून आले. "फार उपकार झाले, शेठजी," असे म्हणून त्याने वाकून नमस्कार केला आणि उड्या मारतच घाट उतरला.

दुसऱ्या दिवशी रांग घाट चढली. जुन्या दगडी पायऱ्या सरळ वर जात होत्या आणि भिंतीला जाऊन टेकत होत्या. फाटक तिथून थोडे बाजूला. ते सताड उघडे होते. त्यावर झेंडूची माळ होती, शेजारी ताकाचे हंडे मांडले होते, आणि स्वतः व्यापारी हार घेऊन उभा होता. लोकांनी आनंदाने एकच गलका केला.

गुरू थांबले. काठीवर भार देऊन त्यांनी क्षणभर फाटकाकडे पाहिले. मग पहारेकऱ्याला म्हणाले, "रावजी, फाटक लावून घे बाबा."

रावजीला वाटले आपण चुकीचे ऐकले.

"लावून घे. कुलूपही घाल."

व्यापारी गोंधळून पुढे आला. "गुरुजी, आमचं काही चुकलं का?"

"नाही शेठ. ताक उत्तम दिसतंय, ते आम्ही पिऊ. फाटक मात्र लावा."

श्रीपादला राहवेना. "गुरुजी, हे मी हात जोडून मागून आणलंय. आपल्या पायांकडे बघून मागितलंय."

"तू मागितलंस, हे कळतंय मला. पाय दुखताहेत रे, फार दुखताहेत." गुरू एका पायरीवर बसले. "पण हे बघ. आज आपण या फाटकातून गेलो, तर उद्या शेठजी कचेरीत सांगतील, मी त्यांना जाऊ दिलं. आणि ते खरंच असेल. ज्याने जाऊ दिलं, तो उद्या जाऊ न देण्याचाही धनी होतो. त्याला धनी कोणी केलं? आपणच, आभार मानून. शेठजींनी भिंतीने जे मिळवलं नाही, ते या हाराने मिळवलं असतं. एवढ्या लांबून मी हे पाय घेऊन आलो, ते वाट आपली नाही हे कबूल करायला नाही."

कुंभार चुळबुळत पुढे झाला. "गुरुजी, तुमचं बरोबर असेल. पण दार उघडं आहे, आणि मला बाजार गाठायचाय."

"जा बाबा," गुरू म्हणाले. "मडकी सांभाळून ने. तुझ्यावर राग नाही."

कुंभार आणि त्याची बायको फाटकातून गेली. आणखी काही जण मान खाली घालून गेले. व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू परतले. तो म्हणाला, "बघा, लोकांना सोय हवी असते, तत्त्व नको असतं. मी कधी कोणाला अडवलंय? या ठकूबाईंनाच विचारा. दरवेळी सोडलंय की नाही यांना?"

ठकूबाईने पाटी खाली ठेवली.

"सोडलंय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? दरवेळी रावजीला विनवलं, दरवेळी सोडलं. मी घरी जाऊन सांगायची, शेठ देवमाणूस आहे. मग गेल्या माघात माझी आई अखेरच्या घटका मोजत होती. निरोप आला तशी निघाले. त्या दिवशी शेठकडे पाहुणे होते. आज कोणी आत यायचं नाही, असा हुकूम होता. या रावजीच्या पाया पडले मी. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्याची नोकरी होती. इथंच, या पायरीवर बसून राहिले. पाहुणे गेले, फाटक उघडलं, मी धावत गेले. आईला उचललं होतं." ती व्यापाऱ्याकडे वळली. "आणि शेठ, त्या दिवशी फाटक उघडलं तेव्हा मी तुमचे आभार मानले होते. ते मला अजून पोटात टोचतं."

रावजीने कोणाच्या हुकमाची वाट न पाहता फाटक ओढून लावले. कुलूप घातले. किल्ली व्यापाऱ्याच्या हातात ठेवली आणि डोक्याचे पागोटे सावरून तो रांगेत जाऊन उभा राहिला.

गुरू उठले. पायऱ्या जिथे भिंतीला भिडत होत्या तिथे गेले आणि वरचा एक दगड ओढू लागले. दगड हलेना. ठकूबाईने दुसऱ्या बाजूने हात लावला. दगड सुटून बाजूला पडला.

"हे काय चालवलंय!" व्यापारी ओरडला. "तक्रार देईन मी. तुरुंगात जाल!"

"अवश्य द्या," गुरू हात झटकत म्हणाले. "लिहा की, या म्हाताऱ्याने वाटेवरचा दगड बाजूला केला. मी सही करीन. फक्त 'वाटेवरचा' हा शब्द गाळू नका."

कासार मोठ्याने हसला आणि बांगड्यांच्या माळा फांदीला अडकवून भिंतीला भिडला. मग धनगर, मग सासुरवाशिणी पदर खोचून. श्रीपाद अजून तसाच उभा होता. आपण काल किती वाकलो होतो, हे त्याला आठवत होते. मग तोही गेला आणि सगळ्यांत खालचा, जमिनीत रुतलेला दगड त्याने धरला.

व्यापाऱ्याने माणूस पिटाळला होता. ऊन कलताना हवालदार धापा टाकत आला, तेव्हा भिंतीला बैलगाडी जाईल एवढे भगदाड पडले होते आणि त्यातून पलीकडच्या पायऱ्या दिसत होत्या.

गुरूंनी त्याला बसायला जागा करून दिली. "दमलात. कुठून आलात?"

"या घाटानं," हवालदार घाम पुसत म्हणाला. "गाडीरस्त्यानं आलो असतो तर उद्या पोचलो असतो. ही वाट जवळची."

लोक हसू लागले. हवालदाराला आधी कारण कळेना. मग कळले तसा तोही कानकोंडा झाला आणि व्यापाऱ्याकडे वळून म्हणाला, "शेठ, तक्रार काय लिहू?"

व्यापाऱ्याने तोंड फिरवले.

"तुम्हाला कचेरीत यावं लागेल," हवालदार गुरूंना म्हणाला. काहीतरी म्हणणे त्याला भाग होते.

"येईन. बाजार करून परत फिरलो की येतो. चालतच येईन."

पुढचे येथेच सांगून टाकतो. खटला झाला, पुष्कळ दिवस चालला. मध्यंतरी भिंत पुन्हा बांधली गेली आणि लोकांनी ती पुन्हा काढली. तिसऱ्यांदा बांधायला त्या पंचक्रोशीत गवंडी मिळाला नाही. अंमलदाराने काय निकाल दिला हे आज कोणाला नीट आठवत नाही, कारण तोवर त्या निकालाची गरज कोणाला उरली नव्हती.

पण त्या संध्याकाळी हे काहीच माहीत नव्हते. भगदाडाच्या तोंडाशी व्यापारी उभा होता. पराभव कसा झाकावा हे त्याला कळत नव्हते. ठकूबाई पाटी डोक्यावर घेऊन पुढे आली, तसा तो किंचित बाजूला झाला आणि मोठ्या मनाच्या आवाजात म्हणाला, "जा बाई. माझी हरकत नाही."

ठकूबाई थांबली. तिने त्याच्याकडे सरळ पाहिले.

"मी विचारलं नव्हतं, शेठ," ती म्हणाली, आणि गेली.

तिच्यामागे गुरू लंगडत गेले, मेंढरे गेली, माणसे गेली. श्रीपाद सर्वांत शेवटी आला. व्यापारी त्याच्याकडे पाहत राहिला, जणू या एकाकडून तरी त्याला काही येणे होते. श्रीपादने हात जोडून त्याला नमस्कार केला, वडीलधाऱ्या माणसाला करावा तसा. आभार मानले नाहीत. मग पुढे गुरूंना गाठून, त्यांचा हात खांद्यावर घेऊन तो पठाराच्या दिशेने चालू लागला.