खारीचा कॉम्प्युटर

जंगलात नुकतीच वीज आली होती, तेव्हाची गोष्ट. खारीने जागोजागी बिया पुरून ठेवल्या होत्या. दरवर्षी ती जागाच विसरायची, म्हणून यंदा सगळं नोंदवून ठेवायला तिला कॉम्प्युटर हवा होता. मुंगूसरावांच्या दुकानात एक होता: छोटासा, ढोलीत मावणारा, मागच्या वर्षीचा, निम्म्या किमतीत.

"घेऊ? पण उद्याच नवा आला तर?" खार रोज यायची, शेपटीने तो मोजायची, पोपटाला विचारायची, घुबडाला विचारायची आणि तशीच परत जायची. तिला धड झोप लागेना, खाणं जाईना.

अखेर एक दिवस ती धापा टाकत आली. "द्या तो!"

मुंगूसरावांनी कॉम्प्युटर ढोलीत नेऊन चालू करून दिला. "हं, सांगा खारूताई, पहिली बी कुठे पुरलीत?"

खारीने बाहेर पाहिलं. सगळी झाडं सारखीच दिसत होती.