वैशाखातली लोकर

करंजवडी गावाबाहेर एक टेकाड आहे. त्या टेकाडावरच्या एका खोलीच्या मठात येसोबा महाराज राहत असत. खाली नदी, वर महाराज, मध्ये गाव. त्याच गावची ठकूबाई धनगरीण रोज महाराजांपुढे वाटीभर दूध ठेवी. नवरा वारल्यापासून शंभर मेंढ्यांमागे ती एकटीच चाले. चालून चालून तिचे गुडघे गेले होते, मुखातलं नाम मात्र गेलं नव्हतं.

त्या वर्षी वैशाख लागला आणि मेंढ्या कातरायची वेळ आली. ठकूबाई कातर काढणार, तोच महाराज म्हणाले, "माय, यंदा थांब. ज्येष्ठ लागू दे."

तिने कारण विचारलं नाही.

ऊन मी म्हणत होतं. लोकरीखाली मेंढ्या धापा टाकत आणि त्यांना पाणी पाजता पाजता ठकूबाईच्या हातांत गोळे येत. गावचे यशवंतराव देशमुख पारावरून ओरडले, "अगं, माणसांना अंगात सदरा सोसवेना, आणि तू मेंढ्यांना घोंगड्या पांघरल्यास? तुझ्या महाराजांना ऋतू तरी कळतात का?"

पारावर हशा पिकला. ठकूबाई पुढे चालू लागली. 

मग एके दुपारी आभाळ फिरलं. लिंबाएवढ्या गारा पडल्या, वादळाने घरांची छपरं नेली आणि भर वैशाखात पौषासारखी थंडी पडली. उत्तरेकडून आलेले गोसावी सांगत, साऱ्या देशात हीच गत आहे. आसपासच्या वाड्यांवर कातरलेल्या मेंढ्या कुडकुडून जागच्या जागी मेल्या. चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी सकाळी नदी गावात शिरली.

गाव टेकाडाकडे धावलं. ठकूबाईच्या मेंढ्या आधीच टेकाडावर होत्या, तरी ती कमरभर पाण्यातून पुन्हा पुन्हा खाली गेली आणि म्हातारीकोतारी माणसं हाताला धरून आणत राहिली. शेवटच्या खेपेला तिने देशमुखांच्या बाळंतीण लेकीला आणलं. सहा दिवसांचं तान्हं ठकूबाईच्या छातीशी होतं.

मठाची धुनी विझली होती. कोरडं सरपण कुठेच नव्हतं. बाळाचे ओठ निळे पडू लागले.

महाराज म्हणाले, "माय, मेंढ्या आत घे."

देशमुख कळवळले, "महाराज, इथं माणसांना पाय ठेवायला जागा नाही!"

"घे आत."

काय सांगावं, भाविकहो! वीस माणसांनी भरणाऱ्या त्या खोलीत गाव बसलं होतं, त्यात शंभर मेंढ्या आल्या, आणि कुणाचा कुणाला धक्का लागला नाही. मेंढ्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं, पण लोकरीत हात घालावा तर आत कोरडी ऊब. दोन मेंढ्यांच्या मधे ठेवलेलं बाळ थोड्या वेळाने रडलं. त्याची आईही रडली.

तेव्हा ठकूबाईचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. महाराज उघड्या अंगाने दारात बसले होते. तिने त्यांच्या पायांना हात लावला. बर्फ!

"म्हाराज, आत या वो."

"सगळे आत आलो तर थंडीला दारात कोण अडवणार?" महाराज हसले. त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते. "दमलीस माय. टेक जरा."

ती भिंतीला टेकली, ती तिथेच झोपेने कलंडली.

संध्याकाळी पाऊस थांबला, पाणी ओसरू लागलं. देशमुख उठले. डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी उंबऱ्यावर लोटांगण घातलं. "महाराज, मी उन्मत्त झालो होतो. क्षमा करा."

महाराजांना बोलणं जड जात होतं. "मला कशाला? मी नुसता बसून होतो. पाण्यात कोण गेलं होतं?"

देशमुख वळले. चिखलाने माखलेले, भेगाळलेले ठकूबाईचे पाय मेंढ्यांमधून बाहेर आले होते. साऱ्या गावादेखत त्यांनी त्या पायांवर डोकं ठेवलं.

ठकूबाईला जाग आली नाही. ओठांवर बोट ठेवून महाराज म्हणाले, "झोपू द्या तिला."