सशावर उगवलेला चंद्र

पूर्वी कुसुमावती नगरीत राजा रुचिवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्याच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव भद्रसेन.

राजकन्या इंदुलेखेने पांढरेशुभ्र ससे पाळले होते. त्यांतल्या तिच्या लाडक्या सशाच्या कानामागचे केस झडले आणि तेथे एक वाटोळा, कोंडा धरलेला डाग दिसू लागला. चंद्रावर ससा असतो हे सारे नगर जाणत होते; मग सशावर चंद्र उगवला यात नवल ते काय! पौर्णिमेला लोकांनी रांग लावली. डागाला बोट लावायचे आणि तेच बोट कपाळी टेकवायचे. पंधरवडाभरात निम्म्या नगराच्या कपाळावर चंद्र उगवला, आणि तो खाजूही लागला.

राजाचे कपाळही खाजू लागले, तशी त्याची भक्ती आटली. "उद्या सकाळी सगळे ससे मारून टाका," त्याने आज्ञा केली.

इंदुलेखा सशाला पदराखाली घेऊन भद्रसेन वैद्यांच्या दारी धावली. "वैद्यराज, याला वाचवा हो! मी रोज न्हाऊ घालते, तरी डाग वाढतोच आहे."

"न्हाऊ घालतेस म्हणूनच वाढतो, पोरी. हा चंद्र नव्हे, नायटा आहे. त्याला ओल मानवते."

बोधिसत्त्व तडक राजाकडे गेले. "महाराज, हा रोग बरा होतो."

"लवकर?"

"लवकर नाही."

"मग ससे मारणेच सोपे."

बोधिसत्त्वांनी उपरणे बाजूला सारले. नगरवासीयांना लेप लावता लावता त्यांच्याही दंडावर तसाच डाग उमटला होता. "ज्याच्या अंगावर नायटा त्याला मरण, अशी आज्ञा असेल, तर आधी मला मारा. मग..." ते राजाच्या कपाळाकडे बघत थांबले.

राजाचा हात आपसूक कपाळावर गेला. आज्ञा मागे घेतली गेली.

मग कामाला सुरुवात झाली. जुने गवत जाळले, पिंजरे उन्हात तापवले, ससे वेगवेगळे ठेवले. डागाभोवतीचे केस कातरून टाकळ्याचे बी आंबट ताकात वाटून लावले. सशाने लेप चाटू नये म्हणून तो वाळेपर्यंत इंदुलेखा त्याला मांडीवर धरून बसे. ससा नखे मारी, तरी ती हलत नसे.

काही दिवसांनी डागावर मऊ लव आली. राजकन्येने आनंदाने लेपाची वाटी पालथी घातली. बोधिसत्त्वांनी ती उचलून सुलटी ठेवली. "केस आले, पण रोग अजून कातडीत दबा धरून बसला आहे."

इंदुलेखेने पुन्हा बी वाटायला घेतले.

कोजागरीला नगरात एकच चंद्र उरला, तो आकाशात.

ही कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, "खरजेने पिडलेल्या सोबत्याला विहाराबाहेर काढा, असे काल म्हणणारा तिष्यक त्या जन्मी राजा होता. त्या आजाऱ्याची चीवरे धुणारी उपासिका केतकी राजकन्या होती, आणि वैद्य मीच होतो."

तिष्यक उठला, पाण्याचा घडा घेतला आणि आजाऱ्याच्या खोलीकडे गेला.

हाती घेतलेले पुरते तडीस नेणे, हीच अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता.