कापडावरच्या रेघा

शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द वाचणाऱ्यांनी पोटात घालावेत. गोष्ट लहानशीच आहे.

विणकरांच्या एका गावात धोंडप्पा नावाचा म्हातारा राहत होता. हात थकल्यावर त्याने माग सुनेच्या, कलावतीच्या, हाती दिला आणि आपण पान चघळत ओट्यावर बसू लागला. कलावतीचा मागावर फार जीव. दिवसभर घरात खटक-खटक चाले.

एकदा व्यापाऱ्याने कापडाचे अख्खे ठाण परत पाठवले. कापडावर आडव्या रेघा होत्या, कुठे जवळ, कुठे लांब.

धोंडप्पा तापला. "हे हाताने विणलंस की पायाने? उद्यापासून तू नुसत्या सुताच्या कांड्या भर. माग पुतण्याला देतो."

कलावतीचे डोळे भरून आले. "मामंजी, रेघ कशाने पडते ते आधी बघा तरी."

"बघतो! एकेक रेघ तुझ्याच पदरात घालतो!"

त्याने ठाण पसरले. एका कांडीत जेवढे कापड विणून होते, तेवढा दोरा घेऊन तो मापत सुटला. दोरा संपला की रेघ. पुन्हा संपला, पुन्हा रेघ.

"सापडलं! कांडी बदलताना गाठ मारतेस!"

"मारते, मामंजी. चूक माझीच. यापुढे टोकावर टोक ठेवून विणीन."

म्हातारा खूश झाला. पण वीण विरळ झालेल्या काही रेघा त्या मापात बसेनात. त्याने दुसरा, लांब दोरा घेतला. त्याला त्या चपखल बसल्या. म्हणजे याही नेमाने पडत होत्या. पण कशाने?

कलावती उरलेले काम उरकायला मागावर बसली. धोंडप्पा दोरा धरून शेजारी विचार करत उभा राहिला. तेवढ्यात तोंडातले पान संपले.

"सूनबाई, पान!"

माग थांबला. कलावतीने उठून पान लावून दिले आणि पुन्हा विणायला घेतले. थांबली होती नेमक्या त्याच जागी एक विरळ रेघ उमटली.

धोंडप्पा बघतच राहिला. मग पोट धरून हसला. "अगं, ही तर माझी रेघ!"

"तुमचं पानही अगदी वेळेवर संपतं, मामंजी."

"आणि तुझा हात एकसारखा चालतो, म्हणून तर माप जुळलं. माग तुझाच, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडप्पाने पानाचा डबा स्वतःच पुढे ओढला. चुना जास्त झाला. जीभ पोळली, नाकाडोळ्यांतून पाणी आले. पण त्याने हाक मारली नाही. आत खटक-खटक चालूच राहिली.

तात्पर्य: सगळे दोष एकाच्याच माथी मारू नयेत. कोणता दोष किती अंतराने परत येतो ते मापून पाहावे. त्यात एखादा आपलाही निघतो.